शैलाच्या शेजारची सीट

सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. वेळ पक्की आठवते, कारण सोनूला सात वाजता औषध पाजायचं होतं आणि मी दर दोन मिनिटांनी घड्याळाकडं बघत होते. तेवढ्यात पहिल्या एसटीतनं उतरून माझी नणंद शैला दारात उभी! काखेत कागदाची लांब गुंडाळी. चपला काढायच्या आधीच म्हणाली, "वहिनी, फरशी मोकळी कर. मला नाशिकला जायचंय."

तिथनं हे सगळं सुरू झालं.

घरात गोष्टी कशा साठत जातात ते कळत नाही. फडताळात रिकाम्या बरण्या साठतात ना, तशा. एक ठेवली, दुसरी ठेवली, आणि एक दिवस दार उघडलं की सगळ्या अंगावर! मी सातवी शिकलेली. पत्रापलीकडं कधी काही लिहिलं नाही. पण नदीवर गेलं की बायका धुणं बाजूला टाकतात, "विमानवालीचं सांग की गं!" दोन वर्षं तेच तेच सांगतेय. म्हणून म्हटलं, एकदाचं लिहूनच ठेवावं.

आधी घरातली माणसं सांगते. आमची वाडी डिंभ्याच्या धरणाखाली. घरात मी, सोनूचे पप्पा, सासूबाई आणि आमची सोनू, तेव्हा दीड वर्षाची. सासूबाईंना मी आत्या म्हणते. शैला कॉलेजात असताना सवलतीतनं विमान शिकवायच्या क्लबात तिचा नंबर लागला. क्लब लांब, पार पुण्याच्या पलीकडं. तिथं तिला लहान लायसन मिळालं. लहान म्हणजे विमान आपलं आपण चालवता येतं, पण त्यावर नोकरी मिळत नाही. नोकरीचं मोठं लायसन हवं तर आणखी पुष्कळ तास हवेत काढायचे. ह्या गावावरनं त्या गावाला जायचं, आपली वाट आपणच आखायची. आणि शेवटी एक लांबचा दौरा करायचा, दोन परक्या ठिकाणी उतरून परत यायचं. तो मात्र एकटीनं.

हे 'एकटीनं' ध्यानात ठेवा. सगळं घोडं तिथंच अडलं होतं.

* * *

त्या सकाळी तिनं नकाशा फरशीवर पसरला. एका कोपऱ्यावर वरवंटा, दुसऱ्यावर लोणच्याची बरणी, तिसऱ्यावर पितळी तांब्या. चौथ्या कोपऱ्याला काही सापडेना, म्हणून मी सोनूला बसवलं.

शैला पट्टीनं रेघ ओढत होती. दर दहा मिनिटांच्या अंतरावर एक बारीक खूण, आणि प्रत्येक खुणेला वरनं ओळखू येईल अशी एक जागा. धरण, नदीचं वळण, रेल्वेचा रूळ. मी विचारलं, "आपलं डिंभं कुठंय?" तिनं निळा ठिपका दाखवला. माझ्या चिमटीत मावेल एवढा! त्याच्यावर तिनं पेन्सिलनं लिहिलं, 'नऊ वाजून बारा.'

मी बराच वेळ त्या ठिपक्याकडं बघत राहिले. नऊ बाराला मी तिथंच कुठंतरी असणार, भाकरी थापत. आणि वरनं आपल्याच घरातलं माणूस जाणार, मला ठिपक्यात बसवून.

असं माझं चाललं होतं, तोवर सोनूनं चौथ्या कोपऱ्यावर मुतून ठेवलं. सगळा नगर जिल्हा ओला!

मी रडकुंडीला आले. आत्या चुलीपासनं म्हणाल्या, "असू दे गं. तिकडं पाण्याची गरज व्हतीच!"

नकाशा उन्हात वाळवला, पण डाग काही गेला नाही. पुढच्या आठवड्यात क्लबातल्या सरांनी नकाशावर बोट ठेवून विचारलं, "शैला, नगर जिल्ह्यात एवढा मोठा तलाव कधी झाला?"

शैला म्हणाली, "हंगामी आहे, सर!"

* * *

लहान लायसनच्या आधीच शैला एकदा एकटी लांबची फेरी मारून आली होती. आत्यांना ते नंतर कळलं. कसं, ते विचारू नका, माझ्याच तोंडातनं निसटलं.

आत्यांचं माहेर तळेघर. तिथनं बाजाराला यायचं तर रानातनं पायी यावं लागायचं, आणि बाईमाणूस एकटं कधी निघायचं नाही. कोणी जोडीला मिळालं नाही तर बाजार राहायचा. त्या शिस्तीत वाढलेलं माणूस ते. त्यांनी शैलाला समोर बसवलं, तिचा हात आपल्या डोक्यावर ठेवला आणि वदवून घेतलं, "एकटी लांब जाणार न्हाई. शेजारच्या सीटवर कुणीतरी असंल तरच जाईन."

शैलानं शब्द दिला. तेव्हापासून ती जोडीला क्लबातल्या मैत्रिणीला घेऊन जायची, नाशिकलाही तशीच. तास जमत होते. पण लांबचा दौरा तसाच राहिला होता.

एकदा आत्यांनी तिला विचारलं, "वर वाट कुणाला विचारतीस गं?"

"विचारायची नसते, आई. खालीच लिहून घ्यायची. इतकी मिनिटं ह्या दिशेला, मग इतकी मिनिटं त्या दिशेला."

आत्यांनी चुलीत लाकूड सारलं. मग म्हणाल्या, "आन वाऱ्यानं तुलाच बाजूला सारलं, तर लिहिलेली वाट काय तुझ्यामागं पळत येणार हाय?"

शैला खो खो हसत सुटली. म्हणाली, "वहिनी, फी भरून क्लबात पहिल्या दिवशी हेच ऐकलं मी!"

* * *

वाऱ्याचं मला काही नवल नाही. माझं माहेर घाटघर. पावसाळ्यात तिथं कड्यावरनं पडणारं पाणी खाली जायचं सोडून वर उडतं. लहानपणी आम्ही पोरी कड्यापासनं लांब उभ्या राहून ते तोंडावर घ्यायचो. वारा असा भरायचा की वाटायचं, हात पसरले की पाय सुटतील. पसरले मात्र कधी नाहीत. मी तेव्हापासनंच भित्री.

शैलाकडं वाऱ्याचा हिशेब करायची एक गोल चकती होती. फिरवली की सांगायची, नाक इतकं डावीकडं ठेवा, पोचायला इतकी मिनिटं लागतील. ती चकती बघायला वाडीतले धोंडिबाआबा यायचे. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. चकती उलटीपालटी करून आबा म्हणाले, "पोरी, उद्या दुपारनंतर वारा फिरणार हाय. मेंढरं पाठ फिरवून बसल्यात."

शैलानं मान डोलवली आणि चकतीचं ऐकलं. दुसऱ्या दिवशी परत येताना वारा समोरनं. पस्तीस मिनिटांच्या वाटेला पन्नास मिनिटं लागली! तेव्हापासनं तिच्या वहीत तयारीच्या यादीत तिसऱ्या नंबरला लिहिलेलं असायचं, 'आबांना विचारणे.'

पुढच्या खेपेला ती मुद्दाम त्यांच्या अंगणात गेली. "आबा, आज वारा कसा?"

आबा तंबाखू मळत म्हणाले, "मला काय ठावं? मेंढरं लेकीच्या गावाला चरायला गेल्यात. रेडिव लाव की!"

* * *

आता गोधडीचं. ही चूक माझी, कबूल करते.

शैलानं एकदा वाट अशी आखली की आमच्या वाडीवरनं जाईल. जोडीला मैत्रीण होतीच. मला म्हणाली, "वरनं सगळी घरं सारखीच दिसतात. काहीतरी खूण ठेव." मी म्हटलं, "पत्र्यावर लाल-पिवळी गोधडी टाकते. ती दिसली की आपलं घर!" ती म्हणाली, "मग मी घरावर आले की पंख हलवून रामराम घालीन."

सगळं ठरलं. मी आदल्या दिवशी गोधडी धुतली. सकाळी पत्र्यावर पसरली, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले. सोनूला नवीन झबलं घातलं. आत्यासुद्धा पदर सारखा करून अंगणात आल्या.

विमान आलं. आधी भुंग्याएवढा आवाज, मग पांढरा ठिपका. उन्हात चमकला तसं मी सोनूला वर उचललं. एक फेरी मारली. दुसरी मारली. आणि मग ते झुकलं, छान डौलात पंख हलवले, आणि गेलं. पण आमच्या घरावर नाही! तीन घरं सोडून, आबांच्या घरावर!

मला काही समजेना. मग मी चौफेर नजर टाकली आणि कपाळावर हात मारला. घट बसायला चार दिवस राहिले होते. घटाच्या आधी आख्ख्या घराचं अंथरूण-पांघरूण धुवायचं असतं. वाडीतल्या झाडून सगळ्या बायकांनी त्याच दिवशी गोधड्या वाळत घातल्या होत्या. पत्र्यावर, कुंपणावर, नदीच्या वाळूत, करवंदीच्या जाळीवर. लाल-पिवळ्याच जास्त!

शैला नंतर म्हणाली, "वहिनी, वरनं काय दिसत होतं सांगू? आख्खी वाडी अंथरूण घालून बसली होती, जसं कुणी दमूनभागून येणार आहे निजायला."

आत्या मात्र दोन दिवस फुगून होत्या. आणि आबा अजून पारावर येईल त्याला सांगतात, "हवाई रामराम घेतलेला ह्या पंचक्रोशीत मी एकटाच, राव!"

* * *

मला सगळे 'समजाबाई' म्हणतात. कारण माझं प्रत्येक वाक्य तिथनं सुरू होतं. समजा एसटी आली नाही तर? समजा सोनूला वाटेत ताप भरला तर? सोनूला डोस द्यायला घोडेगावला न्यायचं तर मी आदल्या दिवशी कागदावर लिहून काढते. घरापासनं थांबा सतरा मिनिटं, सोनू कडेवर असली तर बावीस. गाडी नाही आली तर जीप. जीपही नाही आली तर वाटेतल्या मावशींच्या घरी थांबायचं, दुधाची बाटली जास्तीची.

सोनूचे पप्पा त्या कागदाला हसायचे. "घोडेगावला चाललीस का लंडनला?"

एकदा तो कागद शैलाच्या हाती लागला. मला वाटलं, हीपण हसणार. ती मांडी घालून बसली आणि दोनदा वाचला. "वहिनी, अगं हे आमचंच आहे की! पोचता नाही आलं तर कुठं उतरायचं, ते निघायच्या आधी ठरवायचं. जास्तीचं पेट्रोल धरायचं. तू हे कुठं शिकलीस?"

मी म्हटलं, "भीतीनं."

त्या दिवसापासनं ती वाट आखायला बसली की मला समोर बसवायची. "हं, समजा?" मी भाजी निवडत निवडत विचारायची. समजा ढग आले? समजा रेडिओ बंद पडला? समजा खूण म्हणून धरलेल्या धरणातलं पाणीच आटलं? ती प्रत्येकाला उत्तर लिहायची. उत्तर नसलं तर वाट बदलायची. कधी कधी वाटायचं, तिच्यासंगं मीही जातेय, मेथीच्या जुड्या मांडीवर घेऊन, सगळ्या भीतीच्या वरनं.

एकदा मी विचारलं, "समजा उतरायच्या जागेवर म्हशी बसल्या असल्या तर?" शैला म्हणाली, "काहीतरीच!" तरी लिहून घेतलं, 'एक फेरी मारायची. नाही उठल्या तर पुढच्या ठिकाणी. वीस मिनिटांचं पेट्रोल जास्त.'

आणि एका लहानशा धावपट्टीवर खरंच अकरा म्हशी बसलेल्या! शैलानं फेरी मारली. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. ती शांतपणे पुढच्या ठिकाणी जाऊन उतरली.

सरांनी वही तपासली. "म्हशी? हे कुणी लिहिलं?"

"आमच्या वहिनीनं. सातवी शिकली आहे."

सर म्हणाले, "लांबच्या दौऱ्याचा प्लॅन माझ्याकडं नंतर आण. आधी त्यांची सही घे!"

* * *

आता शेवटचं, लांबच्या दौऱ्याचं.

दिवाळीनंतर शैलाचे सगळे तास पुरे झाले. राहिला फक्त तो दौरा. आधी नाशिककडं उतरायचं, मग औरंगाबादकडं, मग परत. तिचा नंबर गुरुवारी होता. शुक्रवारी क्लबातलं ते विमान मोठ्या दुरुस्तीला जाणार होतं, ते कधी परत येईल ते सांगता येत नव्हतं. म्हणजे गुरुवारी गेली तर गेली. नाहीतर वर्ष वाया, आणि तिच्या मागच्या पोरी पुढं जाणार.

मंगळवारी शैला घरी आली. दिवसभर आईच्या मागं मागं, पण तोंडातनं शब्द निघेना. संध्याकाळी मीच धीर केला. "आत्या, तिला त्या शब्दातनं मोकळं करा. मी सगळे समजा विचारलेत. एकही राहिला नाही."

आत्या लसूण सोलत होत्या. "आन समजा माझाच जीव ऱ्हायला न्हाई थाऱ्यावर, तर? त्याचं काय लिवलंस?"

मीपण एक गड्डा घेऊन सोलायला बसले.

"मी नाय म्हनत न्हाई, आन हो बी म्हनत न्हाई," आत्या म्हणाल्या. "उद्या मी तळेघरला चाललेय. बहिणीचं भात कापायचं ऱ्हायलंय."

बुधवारी सकाळी आम्ही सगळ्याच थांब्यावर गेलो. आत्यांची गाडी वर जाणारी, शैलाची खाली जाणारी. तळेघरची आधी आली. आत्या चढल्या, खिडकीपाशी बसल्या. शैलानं खिडकीचा गज धरला होता. दोघी एकमेकींकडं बघेनात. कंडक्टरनं घंटी मारली.

गाडी दहा पावलं गेली आणि थांबली. आत्या खाली उतरल्या! रस्त्याच्या कडेला वाकल्या, दोन-तीन दगड हातात घेऊन पाहिले, एक निवडला. चांगला नारळाएवढा, काळा, गुळगुळीत. पदरानं पुसला आणि येऊन शैलाच्या हातात दिला.

"सोयरीक बघाया तिघं निघाली की तीन तिगाडा नको म्हनून चौथा आपन खडा घेतो का न्हाई?"

"घेतो," शैला म्हणाली.

"तो मानूस म्हनून चालतो का न्हाई?"

"चालतो."

"मंग तिघांत चौथा चालतो, तर एकटीला दुसरा का चालायचा न्हाई? शेजारच्या सीटवर ह्याला बसव. आन तुझा शब्द बी मोडायचा न्हाई, माझा बी."

कंडक्टर दारात लटकून ओरडला, "ओ मावशी, दगड निवडायला गाडी थांबवलीत का? चढा की!"

आत्या चढल्या. मागं वळून बघितलं नाही.

गुरुवारी सकाळी क्लबात काय झालं ते शैलानं मला नंतर सांगितलं. विमानात काही सुटं ठेवता येत नाही, म्हणून तिनं दगड शेजारच्या सीटवर ठेवला आणि त्याला पट्टा बांधला. सर तपासायला आले. दगडाकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं.

"हे काय?"

शैलानं सगळं सांगितलं. सर बराच वेळ हनुवटी खाजवत राहिले. मग म्हणाले, "वजन करून आण. आणि हे बघ, कागदावर प्रवासी म्हणून लिहू नकोस, एकटीनं केलेला दौरा धरणार नाहीत. सामान म्हणून लिही."

मग दोन पावलं जाऊन परत आले आणि दगडाचा पट्टा जरा घट्ट केला.

मी सोनूला घेऊन सकाळी आठपासनं थांब्यावरच्या फोनच्या टपरीत बसले होते. शैला प्रत्येक ठिकाणी उतरली की फोन करणार होती. पहिला फोन पावणेदहाला आला. "नाशिककडं उतरले." दुसरा साडेबाराला. "औरंगाबादकडनं निघतेय परत." तिसरा तीनला यायचा.

तीन वाजले. सव्वातीन. सोनू मांडीवर झोपली. समोर धरणाची भिंत, तिच्यावर ढगांच्या सावल्या हळूहळू सरकत होत्या. साडेतीन झाले. माझ्याकडचे सगळे समजा संपले होते. मी नुसती सोनूचा श्वास मोजत राहिले. एवढ्या मोठ्या आभाळात ते एवढंसं विमान, आणि त्यात ती, आणि पट्टा बांधून बसलेला तो रस्त्यावरचा दगड. माझी आपली नजर वर.

तीन वाजून चाळीस मिनिटांनी फोन वाजला.

"वहिनी, उतरले! झाला दौरा!"

"अगं मग उशीर का?"

"वही पुरी करत होते, सरांची सही घेत होते..."

"आधी फोन करायचा गं, मग वही!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की सोनू दचकून उठली. मग आम्ही तिघीही रडलो. सोनू सगळ्यात जास्त.

चारची तळेघरची मुक्कामाची गाडी आली. कालचाच कंडक्टर. मी पळत गेले. "भाऊ, तळेघरला आमच्या आत्यांना तेवढा निरोप द्या. म्हणावं, शैला पोचली."

"कोण, त्या दगडवाल्या मावशी? देतो की."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध घालून येत होते, तर गाडी खाली आली आणि थांबा नसताना माझ्यापाशी थांबली. कंडक्टरनं खिडकीतनं डोकं बाहेर काढलं.

"ताई, निरोप दिला रातीच. मावशी भाताच्या भाऱ्यांवर बसल्या व्हत्या. ऐकलं आन मला म्हनल्या, 'पोरगी पोचली ते समजलं. पन तिच्या संगतीचं मानूस पोचलं का, ते न्हाई सांगितलंस!'"

"पोचलं म्हणावं! सुखरूप आहे."

"मंग आता हे नीट ऐका," तो म्हणाला. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, तरी त्यानं हात वर करून गाडी थांबवून धरली. "आयतवारी नव्या तांदळाचा भात हाय तळेघरला. दोघांनी बी जेवायला यायचंय. दोन पाट मांडून ठेवते म्हनल्या. एवढं पुढं सांगा."